सगळ्यांचं माप दोन केबी

पडद्यावर तीनशे सव्वीस फोल्डर होते. तसा आकडाच खाली कोपऱ्यात दिसत होता, आणि आत्याने सकाळी फोनवर तोंडपाठ सांगितलेल्या आकड्याशी तो जुळत होता. एकाही फोल्डरवर माणसाचं नाव नव्हतं, कारण आत्या गिऱ्हाइकांना नावाने ओळखतच नसे. ती त्यांना कामावरून ओळखायची, नाहीतर चालण्यावरून. ‘बेकरीवाला’, ‘बेकरीवाल्याचा मेहुणा’, ‘टाच घासतो’, ‘लाल कोट’, ‘मीटरवाला’, ‘तीन मजले’, म्हणजे ती शाळेतली बाई, जिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. नावं बरोबर होती, संख्या बरोबर होती, पिवळा रंगही नेहमीचाच. फक्त नावांच्या उजवीकडचा आकाराचा रकाना, जो फोल्डरपुढे एरवी कोरा असतो, तो आज वरपासून खालपर्यंत भरलेला होता: दोन केबी, दोन केबी, दोन केबी. भाचीने माऊसने यादी खाली सरकवली, आणखी खाली सरकवली. कुठेच फरक नाही. अंधाऱ्या जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसं तिला झालं. आत्याच्या या बुटांच्या दुकानात दोन वस्तू एका मापाच्या तिने कधी पाहिल्याच नव्हत्या. एका माणसाचे दोन पायसुद्धा इथे एका मापाचे नसत. किंबहुना ते नसत म्हणूनच तो माणूस इथे येई. तिने माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला, जणू बोटांना काही लागलं होतं.

“हळू झालंय ना?” आत्या मागच्या टेबलावरून म्हणाली. ती एका बुटाच्या तळाला सरस लावत होती, आणि सरस लावताना ती मान वर करत नसे. “परवापासून असंच करतंय. एक उघडायला गेलं की आधी काहीतरी काळं लुकलुकतं, मग उघडतं.”

“आत्या, आता कशालाही हात लावू नकोस.”

“माझे हात सरसात आहेत.”

“बरं झालं.”

तिने टेबलाखाली वाकून इंटरनेटची तार उपटली. खाली कातड्याच्या कतरणी, दोन खिळे आणि एक वाळलेलं लिंबू होतं. मग ती परत खुर्चीत बसली आणि नुसतीच पडद्याकडे पाहत राहिली. काय झालंय ते तिला कळलं होतं. प्रयोगशाळेत, जिथे ती वर्षभरापूर्वी लागली होती आणि जिथे दिवसभर दुसऱ्यांची वजनं न् मापं खरी की खोटी हे तपासण्याचं काम चाले, तिथे एकदा कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून हाच रोग आला होता. खरे फोल्डर कुठे गेलेले नसतात. ते जागच्या जागीच असतात, पण लपवलेले. आणि प्रत्येकाच्या नावाने, प्रत्येकाच्या रंगाचा, कोपऱ्यात बारीक बाण असलेला एक मुखवटा पुढे उभा केलेला असतो. मुखवट्यावर टिचकी मारली की आधी रोग चालू होतो, आणि मग, संशय येऊ नये म्हणून, खरा फोल्डरही उघडतो. वापरणाऱ्याला वाटतं, यंत्र जरा म्हातारं झालंय, इतकंच.

आणि टिचकी मारायची इच्छा तिला झालीच. यादीच्या मध्याच्या जरा वर ‘ठुमकी’ होता. दोन केबी. ठुमकी म्हणजे ती स्वतः. हे नाव आत्यानेच ठेवलेलं, ती चालायला लागली तेव्हाचं. घरातल्या बाकीच्यांनी डॉक्टर, एक्स-रे, असे शब्द वापरायच्या आधीच आत्याने म्हणे दारात उभं राहून ऐकलं होतं आणि आपल्या भावाला सांगितलं होतं, “तुझी पोरगी ठुमकत चालते. डावा पाय आखूड आहे तिचा. रडायचं असेल तर आज रडून घे, उद्या तिला दुकानात घेऊन ये.” बाबा हे फार वेळा सांगायचे, आणि प्रत्येक वेळी ‘मी काही रडलो नाही’ असं शेवटी जोडायचे. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गेले. त्या दिवसाचं तिला अर्थातच काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते नंतरचं, वय चार असेल नाहीतर पाच: कागदावर उभं राहायचं, आत्या गुडघे टेकून बसायची आणि पेन्सिल पावलाच्या कडेकडेने फिरवायची. पेन्सिल उभीच धरायची असते, जराही कलती नको, नाहीतर पाऊल कागदावर भलतंच जाड होतं. टाचेपासून निघायची, करंगळीपाशी वळायची, बोटांच्या डोंगरांवरून चढत उतरत यायची, आणि मग ती पावलाच्या आतल्या कमानीपाशी पोचली की गार लाकडाचा असा काही स्पर्श व्हायचा की ती हसून पाय ओढून घ्यायची आणि सगळा कागद वाया जायचा. “पुन्हा,” आत्या म्हणायची. रागवायची नाही. नवा कागद घ्यायची. पुढे दुकानात संगणक आला तेव्हा आत्याने ते सगळे जुने कागद एकेक करून स्कॅनरमध्ये घातले, तिचे आणि बाकी सगळ्यांचे, आणि मग कागद रद्दीत गेले. तर ते सगळं आता या बाणवाल्या चौकोनांच्या मागे कुठेतरी होतं, किंवा नव्हतं.

“पेन ड्राइव्ह कुठेत तुझे?” तिने विचारलं.

“खुंटीला.”

दोन पेन ड्राइव्ह, एकावर ‘डावा’ आणि एकावर ‘उजवा’ अशी चिठ्ठी, आणि दोघांना मिळून एक दोरा. तिला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. दोन प्रती ठेवायच्या हे तिनेच आत्याला शिकवलं होतं. एक इथे ठेव, एक घरी ठेव, असंही सांगितलं होतं. पण या दुकानात एकटा बूट कधीच ठेवत नाहीत. दुरुस्तीला एकच आला तरी त्याचा जोडीदार मागवून घेतात, पावलांच्या आकाराचे लाकडी फर्मेसुद्धा जोडीनेच दोऱ्यात बांधून फळीवर टांगतात, कारण एक हरवला की दुसऱ्याचा उपयोग नाही. आत्याने चाळीस वर्षांच्या शिस्तीने दोन्ही पेन ड्राइव्ह एकत्र बांधले होते, एकत्र आणले होते, एकत्र लावले होते, आणि चार दिवसांपूर्वी आकृत्या छापून आणायला कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडे दोन्ही घेऊन गेली होती.

“दोन्ही कशाला नेलेस?”

“एक नेऊन काय करायचं?” आत्या म्हणाली, आणि मग बहुधा भाचीच्या चेहऱ्याकडे पाहून तिने ब्रश सरसाच्या डब्यात उभा केला. “दोघांनाही झालं?”

“बघावं लागेल. पण झालंच असणार.”

“निदान उजवा तरी…”

“आत्या, दोघांपैकी कुणालाही या नव्या संगणकाला लावायचं नाही. जवळसुद्धा न्यायचं नाही.”

नवा संगणक दारापाशी अजून अर्धा खोक्यात होता. तो आत्यासाठी घेतलेला नव्हता. पुढच्या आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलच्या कारखान्यातली नवी कारागीर येणार होती, आणि तो संगणक, फर्मे, मापाच्या फळ्या, आणि तीनशे सव्वीस माणसं घेऊन जाणार होती. आत्याचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. आधी ती म्हणायची चहा जास्त झाला, मग म्हणायची थंडी आहे, आणि मग एक दिवस कातडं कापताना सुरी भलतीकडे गेली तेव्हा तिने सुरी धुऊन, पुसून, खोक्यात घालून ठेवली आणि पुन्हा काढली नाही. सरस लावण्यापुरता हात चालत होता. पेन्सिल उभी धरून कुणाच्या पावलाभोवती फिरवण्याइतका चालत नव्हता. म्हणजे जे काही मोजायचं होतं ते मोजून झालं होतं. या पिवळ्या चौकोनांच्या मागे जे आहे ते गेलं तर ते परत मोजणारं कुणी नाही. नवी कारागीर हुशार होती, पण तिला सगळ्यांना पहिल्यापासून बोलवावं लागलं असतं, आणि ‘लाल कोट’ आता आपली आपण अंथरुणातून उठत नव्हती, तिचे बूट फक्त खुर्चीत बसून खाली पाय सोडण्यासाठी होते, तरीही आत्या ते दर दोन वर्षांनी नवे करायची.

“होईल का गं?” आत्याने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, सरस वाळला का असं विचारल्यासारखा.

“होईल. घाई केली नाही तर होईल.”

घाई न करणं हे ती याच खोलीत शिकली होती, असं तिला मागाहून, पिशवीतून सीडीची तबकडी काढताना वाटलं. प्रयोगशाळेतून तिने ती आदल्या दिवशीच आणली होती, कारण आत्या कालच्या फोनवर ‘हळू झालंय’ म्हणाली एवढ्यावरूनच तिला शंका आलेली. त्या तबकडीवर संगणक चालवणारी वेगळी, स्वतंत्र अशी एक प्रणाली होती. तबकडीवर एकदा लिहिलं की पुन्हा लिहिता येत नाही, म्हणून तिला रोग लागत नाही. आणि संगणक तिच्यावरून चालू केला की त्याची स्वतःची प्रणाली जागीच होत नाही. रोग राहतो, पण झोपलेल्या घरात. तिने जुना संगणक पुरता बंद केला, तबकडी घातली, आणि पुन्हा सुरू केला. पंखा घरघरला. पडदा काळा, मग करडा, मग एक अनोळखी साधंसुधं चित्र. तिने डिस्क उघडली, आणि लपवलेल्याही गोष्टी दाखव असं सांगितलं, आणि यादी एकदम दुप्पट झाली. प्रत्येक नाव दोनदा. बेकरीवाला आणि बेकरीवाला, लाल कोट आणि लाल कोट, ठुमकी आणि ठुमकी. एक जरा फिकट, आकाराचा रकाना कोरा असलेला, आणि एक दोन केबीचा.

“आहेत,” ती म्हणाली.

“सगळे?”

“दिसतायत तरी सगळे.”

आत्याने हात पुसले आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. ती मात्र त्या जोड्यांकडे पाहत राहिली, आणि तिच्या मनात एक विचार आला जो तिला आवडला नाही. जे या रोगाने केलं होतं तेच आत्याने तिच्यासाठी केलं नव्हतं का? अकराव्या वर्षी ती दुकानात येऊन ओक्साबोक्शी रडली होती, की मला सारखे बूट पाहिजेत. शाळेत तिच्या डाव्या बुटाच्या जाड तळाकडे बघून मुली काही म्हणत नसत, आणि तेच वाईट होतं. खेळायला घेताना त्या नुसत्या तिच्या पायांकडे बघायच्या आणि मग दुसरीकडे. चौदा मिलिमीटरचा फरक होता तेव्हा. सारखे म्हणजे सारखे, ती म्हणाली होती, मला पडले तरी चालेल. आत्याने तिला समजावलं नाही. “सारखे दिसणारे की सारखे असणारे?” एवढंच विचारलं होतं, आणि तिने रागाने ‘दिसणारे’ असं उत्तर दिलं होतं, कारण दुसऱ्याचा अर्थ तिला माहीत होता. पंधरा दिवसांनी बूट आले. दोन्हीचे तळ एकसारखे जाड, एकसारखी कड, एकसारखी शिलाई. पण उजव्याचा तळ आतून पोखरलेला होता, वाटीसारखा, आणि उजवं पाऊल त्या वाटीत खाली, बरोबर चौदा मिलिमीटर खाली जाऊन बसायचं. बाहेरून कुणालाही काही दिसायचं नाही. तेव्हापासून आजपर्यंत तिचे सगळे बूट तसेच होते. कॉलेजमध्ये तीन वर्षं एक मैत्रीण रोज तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालली आणि तिला पत्ता लागला नाही. एकदाच, कुणाच्या तरी घरी बूट भिजले म्हणून तिने त्या मैत्रिणीच्या चपला घातल्या, आणि दोन पावलांत सगळी जमीन डावीकडे कलली, खुर्च्या, खिडकी, मैत्रिणीची आई, सगळं. ती भिंतीला हात लावून उभी राहिली आणि घसरले म्हणून हसली. म्हणजे बाहेरून दोन केबी, दोन केबी; खरं काय ते आत, फिकट. मुखवटा. तिने तो विचार थोडा वेळ तसाच राहू दिला, जशी ती प्रयोगशाळेत एखादं संशयास्पद वजन तराजूवर तसंच राहू द्यायची, काटा स्थिर होईपर्यंत. आणि काटा हळूहळू दुसरीकडेच जाऊन थांबला. रोगाने आत काहीच धरून ठेवलं नव्हतं, तो नुसता पुढे उभा होता. त्या वाटीत मात्र रोज एक पाऊल बसत होतं. ती त्यावरून शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीच्या मुलाखतीला गेली, आणि तिथे साहेबांच्या खोलीत दारापासून खुर्चीपर्यंत चालताना तिच्या मनात फक्त प्रश्नांची उत्तरं होती. पाय नव्हते. पायांचा विचार करायची तिला वेळच आली नव्हती. त्या न आलेल्या वेळा कुणी मोजल्या असत्या तर, असं तिला वाटलं, तो केवढा मोठा आकडा झाला असता.

तिने कोरी करकरीत बाहेरची डिस्क जोडली आणि नक्कल सुरू केली. फक्त पावलांच्या आकृत्या, फोटो आणि आकड्यांचे तक्ते घ्यायचे. बाणवाले मुखवटे नाहीत, आणि चालू होणारी कुठलीही गोष्ट नाही. आकृत्या काढायचा कार्यक्रम नव्या संगणकावर नवाच घालायचा.

“आणि माझा पत्त्यांचा डाव?” आत्याने चहा गाळताना विचारलं.

“कुठून आणला होतास तो?”

“बेकरीवाल्याच्या मेहुण्याने दिला.”

“तो राहील इथेच.”

“त्यात मी हजारदा जिंकलेय.”

“तुला जिंकू देत असेल, आत शिरायला.”

“मेहुणासुद्धा तसलाच आहे,” आत्या म्हणाली.

दार ढकलून मीटरवाला आत आला. घरोघर जाऊन विजेचे आकडे उतरवायचं काम त्याचं, आणि उजव्या पावलाची दोन बोटं लहानपणीच गेलेली. त्याचे बूट तळ बदलायला आले होते, आणि आज तयार होते. स्टुलावर बसून त्याने ते घातले, नाड्या बांधल्या, आणि उठून उभा राहिला. या दुकानात आभार मानलेले आत्याला खपत नसे. कुणी तसं काही बोलायला लागलं की ती ‘चालून दाखवा’ म्हणायची, आणि गिऱ्हाईक दारापर्यंत जाऊन परत यायचं, आणि ती डोळे मिटून ऐकायची. मीटरवाला दारापर्यंत गेला आणि परत आला. आत्याने डोळे मिटले होते.

“डावी नाडी सैल आहे,” ती म्हणाली.

“बाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं.” त्याने वाकून नाडी आवळली आणि मग पडद्यावर सरकणारी हिरवी पट्टी त्याला दिसली. “हे काय चाललंय?”

“संगणकाला रोग झालाय. तुम्हाला बाहेर काढतोय,” आत्या म्हणाली.

“मला? म्हणजे मलाही झाला का?”

“तुम्ही अजून यायचे आहात. ‘म’ आला की,” भाची म्हणाली.

“सांभाळून काढा हो. माझी दोन बोटं आधीच गेलीयत, आणखी नको जायला.” मग तो जरा थांबला, टोपी हातात फिरवत. “पुढच्या वेळी दुसऱ्या जागी जायचं, नाही का? त्या हॉस्पिटलच्या बाईंकडे. त्या ऐकतात का, तुमच्यासारख्या?”

“शिकतील,” आत्या म्हणाली. “तुम्ही नीट चाललात तर शिकतील.”

तो गेला. रस्त्यावरून त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली, की तिला तसं वाटत राहिलं. पट्टी सरकत होती. क, ख, ग. जुन्या डिस्कमधून मधूनमधून ‘टक’ असा आवाज यायचा. ट ला काही अडलं नाही. ठ ला पट्टी थांबली. तिने चहाचा कप खाली ठेवला. टक. टक. मग काहीच नाही, नुसता पंखा. पडद्यावर फाइलचं नाव दिसत होतं: ठुमकी, वय अकरा, उजवा तळ, आतली बाजू. तिला टेबल हलवावंसं वाटलं, डिस्कवर हात ठेवावासा वाटला, आणि तिने दोन्ही केलं नाही. अशा वेळी डिस्क पुन्हा पुन्हा तीच जागा वाचायचा प्रयत्न करत असते, हे तिला ठाऊक होतं. मध्येच तोडलं तर जे मिळायचं तेही जातं. आत्याही येऊन मागे उभी राहिली होती. तिच्या अंगाला सरसाचा आणि कातड्याचा वास होता, आणि त्या वासाने तिला एकदम आत्याचे अंगठे आठवले. वर्षातून दोनदा आत्या तिला सरळ उभी करायची, मागे गुडघ्यांवर बसायची, आणि दोन अंगठे तिच्या कमरेच्या दोन हाडांवर ठेवायची, डोळे मिटून. मग डाव्या पावलाखाली पातळ फळ्या सारायची, एक, अजून एक, आता एक काढ, असं करत, दोन्ही अंगठे एका रेषेत येईपर्यंत. त्या क्षणी काय व्हायचं ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पाठीतून काहीतरी सुटायचं. इतका वेळ ओढलेली दोरी कुणीतरी हळूच सोडावी तसं, मानेपर्यंत, जबड्यापर्यंत. “बास,” आत्या म्हणायची, आणि फळ्यांची जाडी मोजायची. सहा. चौदा. एकोणीस. सोळाव्या वर्षी एकोणीस झाले आणि वाढ थांबली, आणि त्यानंतर मोजायचं कारण उरलं नाही.

टक, असा आवाज आला, आणि पट्टी पुढे सरकली. त, थ, द.

“गेली का रे देवा,” आत्या पुटपुटली.

“आली,” ती म्हणाली.

सगळं उतरलं तेव्हा तिने मोजलं. तीनशे सव्वीस फोल्डर, चार हजार एकशे आठ फायली. नवा संगणक तिने आधी एकटाच इंटरनेटला जोडून अद्ययावत केला, मग तार काढली, बाहेरून काही लावलं की आपोआप उघडायची सवय बंद केली, आणि मगच डिस्क जोडून झाडून तपासली. काही सापडलं नाही. मग प्रत्येक फाइलचा ठसा काढला, म्हणजे तिच्यातल्या एकूण एक आकड्यापासून बनणारी एक लांबलचक खूण, आणि जुन्याचा ठसा नव्याच्या ठशाशी ताडून पाहिला. चार हजार एकशे आठही जुळले. अकरा वर्षांची ती आणि तिच्या उजव्या बुटाची वाटीसुद्धा. तिने खुर्ची वळवली.

“झालं, आत्या. जसंच्या तसं.”

आत्या हसली नाही. ती स्टुलावर बसली होती, थरथरणारा हात दुसऱ्या हातात धरून. “जसंच्या तसं म्हणजे त्या जुन्यात होतं तसं.”

“हो.”

“पण जुन्यातच त्याने आधी काही बदलून ठेवलं असेल तर? त्या मधल्या दिवसांत? चोर घरात चार दिवस होता, तू मला आता सांगतेस की त्याच्यामागे घर जसंच्या तसं आहे. एकोणीसचे सोळा केले असतील तर? एखाद्याची कंबर जाईल. आणि ती बिचारी नवी बाई, तिला काय कळणार, ती आकडा बघून कापणार.”

हा रोग सहसा तसं करत नाही, असं सांगता आलं असतं, पण सहसा हा शब्द प्रयोगशाळेत कुणी तपासणीच्या कागदावर लिहीत नाही. एका प्रतीने दुसऱ्या प्रतीची साक्ष दिली होती, एवढंच झालं होतं. माप खरं की खोटं हे ठरवायला मापाबाहेरचं काहीतरी लागतं. तिला प्रयोगशाळेतली ती काचेची पेटी आठवली, जिच्यात मूळ वजन ठेवलेलं असतं आणि ज्याला चिमट्याशिवाय हात लावत नाहीत.

“मीटरवाल्याला थांबवायला हवं होतं,” आत्या म्हणाली.

“मी आहे की.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं.

“पेन्सिल धरायची नाहीये,” भाची म्हणाली. “नुसते अंगठे.”

तिने नव्या संगणकावर ‘ठुमकी’ उघडलं, शेवटचा तक्ता काढला, आणि आत्याला दिसणार नाही असा पडदा भिंतीकडे वळवला. “आकडा मला पाठ आहे,” आत्या म्हणाली. “तुझे सगळे पाठ आहेत.” तेही भाचीने हिशेबात धरलं होतं. फळ्यांची पेटी तिने फळीवरून काढली. जाड, मध्यम, पातळ, कागदासारख्या, वर्षानुवर्षं पावलांखाली गेल्याने गुळगुळीत झालेल्या. फळ्या ती स्वतःच सारणार होती, पेटीत हात घालून येईल ती, आणि आत्याला त्या दिसणार नव्हत्या. आत्याने फक्त ‘घाल’, ‘काढ’ आणि ‘बास’ म्हणायचं. तिने बूट काढले, मोजे काढले. दुपारच्या उन्हाचा एक पट्टा जमिनीवर होता आणि फरशी तिथे कोमट होती. ती उभी राहिली आणि जमीन डावीकडे कलली, जुन्या ओळखीने. मागे आत्याचे गुडघे वाजले. मग दोन अंगठे कमरेच्या हाडांवर आले. उजवा थरथरत होता. हाडावर टेकल्यावर तो थोडा वेळ थरथरला, आणि मग थांबला. काय बोलावं ते तिला सुचत होतं, आणि त्यातलं एकही वाक्य या खोलीत बोलायची रीत नव्हती.

“घाल,” आत्या म्हणाली.

तिने वाकून एक सारली.

“घाल. अजून. पातळ असेल तर घाल. काढ ती, फार झालं. हं, हलू नकोस. दुसरी एखादी बघ. अजून एक, कागदासारखी.”

पाठीतून काहीतरी सुटलं, मानेपर्यंत, जबड्यापर्यंत.

“बास,” आत्या म्हणाली.

ती फळ्यांवरून उतरली. त्यांची चळत तशीच उचलली, पिशवीतून बारीक जाडी मोजायचा व्हर्निअर काढला, त्याचे जबडे चळतीवर अलगद मिटवले आणि पट्टी उन्हात धरून वाचली. मग पडदा परत खोलीकडे वळवला. तक्त्यात होतं: डावा, एकोणीस. चळत भरली एकोणीस पूर्णांक एक दशांश मिलिमीटर.